डब्याच्या कानातला कापूस

ही गोष्ट मागच्या बाजूने सांगायची आहे. पुढून पाहिलं तर डब्यात सांगण्यासारखं काही नाही. काळी काच, हिरवे आकडे, आणि रेकॉर्डिंग सुरू असलं की पेटणारा मुगाएवढा लाल दिवा. बाकी जे काही आहे ते भिंतीकडे तोंड करून बसलंय. तेव्हा टीव्हीचं कपाट जरा तिरकं करा, वाका, आणि डावीकडून बघायला लागा.

डिश – १
(वायर जोडलेली.)

गच्चीवरच्या तबकडीपासून निघालेली काळी केबल खिडकीच्या चौकटीतून आत येते आणि इथे पिळून घट्ट बसते. डबा जावयाच्या मेहुण्याने, म्हणजे सासूबाईंच्या थोरल्याने, आणला होता. वडील गेले, आई दिवसभर भिंतीकडे बघत बसते, त्यापेक्षा काही हलतं-बोलतं बघेल, आवडलं तर साठवून पुन्हा बघेल, असा त्याचा साधा विचार.

बसवायला आलेला माणूस गमत्या होता. सासूबाईंनी डब्याची पाठ न्याहाळून त्याला विचारलं, "अरे, वायरी तर दोन-तीनच लावल्यास. मग ही बाकीची भोकं कशाला?"

"ते कान आहेत, मावशी," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "लाल दिवा लागला की जपून बोला. खोलीतलं सगळं आत जातं."

असं म्हणून त्याने मेहुण्याकडे बघत डोळा मारला. मेहुणा हसला. सासूबाई तेवढ्यात चहाचा कप उचलायला वळल्या होत्या. बस, एवढंच. त्या माणसाची पापणी लवलेली त्यांना दिसली असती, तर या घरच्या जावयाला आज स्वतःच्या सासूशी दोन शब्द बोलायला डब्याची परवानगी लागली नसती.

डिश – २
(रिकामं. कापूस.)

इथे दुसरी केबल यायची होती. ती आली असती तर एक कार्यक्रम रेकॉर्ड होत असताना दुसरा बघता आला असता. पण त्या दिवशी केबल पुरली नाही. "नंतर येतो" म्हणून माणूस गेला तो गेलाच. त्यामुळे या घरात जे रेकॉर्ड होतं तेच बघावं लागतं, आणि सासूबाई अंधार पडल्यापासून झोपायची वेळ होईपर्यंत काही ना काही रेकॉर्ड करत असतात. मासे, किल्ले, भाषणं, विणकाम. त्यात निवड अशी नाही.

आणि लाल दिवा असेपर्यंत कुणी बोलायचं नाही.

जावई लिफ्ट दुरुस्त करतो. बायको चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमी बसवून बघते. दोघंही दिवसभर परक्या माणसांशी घसा सुकेपर्यंत बोलतात, आणि घरी आली की जेवणाच्या टेबलावर मुकी होतात. मीठ हवं असेल तर चिमूट दाखवायची. पाण्याला अंगठा. "उद्या दूध जास्त घे" हे सांगायला एकदा बायकोने गाय करून दाखवली. त्याला वाटलं, शेजारीण. हसू दाबता दाबता दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि सासूबाईंनी रिमोट उगारला.

लग्नानंतर ती दोघं दोन भाड्याच्या खोल्यांत राहत होती. मेहुणा आईशी भांडून गेला तेव्हा "आईची घडी बसेपर्यंत, चार दिवस" म्हणून इथे आली. त्या चार दिवसांची बॅग अजून कपाटावर आहे. आता तिच्यात लोकरीचे कपडे ठेवतात.

लिफ्टमध्ये अडकलेली माणसं बाहेर काढणं हा जावयाचा पोटापाण्याचा धंदा. अडकलेला माणूस आधी सगळी बटणं दाबतो. मग घंटा वाजवतो. मग ओरडतो. मग खाली बसतो. आणि एकदा खाली बसला की बराच वेळ बसू शकतो. दाराच्या फटीतून आत टॉर्च मारला की बसलेली माणसं वर बघतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर थोडा कंटाळासुद्धा असतो. जावयाला हल्ली वाटायचं, आपण कधीचे खाली बसलोय.

सोमवारी त्याला साहेबांनी बोलावलं. कंपनी दुसऱ्या शहरात शाखा काढत होती. तिथला सगळा कारभार त्याच्याकडे, राहायला जागा कंपनीची. "याआधी दोनदा नाही म्हणालास," साहेब म्हणाले. "आता शनिवारी दुपारी बारापर्यंत सांग. हो म्हणालास तर पुढच्या महिन्यात हजर व्हायचं. नाही म्हणालास तर पुन्हा विचारणार नाही, आणि तूही तोंड वर करून मागू नकोस."

आईसमोर बायको त्याला "अहो" म्हणते. मागच्या खोलीत दार लावलं की "अरे".

"अरे, तूच सांग आईला."

"तुझी आई आहे."

"म्हणूनच. मी तोंड उघडलं की दादासारखं भांडण होणार. तू जावई आहेस. तुझ्यावर ती ओरडणार नाही."

"ओरडली तर बरं होईल गं. ती बोट ठेवते ना ओठांवर, तेव्हा माझ्या तोंडाला कुलूपच लागतं."

फोन
(रिकामं. कापूस.)

मेहुण्याचा फोन येतो तो बहिणीला, दुकानात, दुपारी. आईला नाही. "आई कशी आहे" विचारतो आणि उत्तराला फक्त "हं" म्हणतो.

तो गेला त्या दिवशी लाल दिवा लागलेला होता. आईला आपल्या गावी न्यायला म्हणून तो आला होता. ती नाही म्हणाली. हे घर, ही गच्ची, ही खिडकी, नाही म्हणजे नाही. टीव्हीवर लाकूडतोड्यांचा माहितीपट चालू होता. सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं, डब्याकडे बघून. तिथे मेहुण्याचा तोल गेला.

"तुला माणसं नकोतच! हा डबा हवाय तुला! बस मग याच्यासमोर!"

मग दार. दार असं आपटलं की भिंतीवरचं घड्याळ थांबलं, ते आजतागायत थांबलेलंच आहे.

त्या दिवसाचं रेकॉर्डिंग सासूबाईंनी पुसलं नाही. अधूनमधून ते लावतात. एक उंच झाड करकरत खाली येतं, धप्प. "हे दार," सासूबाई म्हणतात. मग पडलेल्या झाडावरून नुसता वारा वाहतो. त्या पुढे सरकतात, कान टीव्हीला लावतात. "आणि हे इथे. ऐका. जिन्यातून म्हणाला. 'तू बोलावलंस की येईन' म्हणाला."

"मी तिथेच होते, आई," बायको पहिल्या वेळी म्हणाली होती. "दादा काही म्हणाला नाही. नुसता गेला."

"तू रडत होतीस. तुला काय ऐकू येणार? डब्यात आहे ना."

"मग बोलाव की त्याला!"

"आधी नीट ऐकू तर येऊ दे. वारा फार आहे."

म्हणून ना सासूबाई बोलावतात, ना मेहुणा येतो. तो गेला त्याच संध्याकाळी सासूबाईंनी डब्याच्या सगळ्या रिकाम्या भोकांत काडीने कापूस ठासला. आत गेलं तेवढं पुरे. आता आणखी कुणाचं काही जायला नको. पण कापसावरही त्यांचा पुरता भरवसा नव्हता. म्हणून बोट ओठांवरच राहिलं.

इथे आल्यावर पहिल्याच संध्याकाळी जावई हसून म्हणाला होता, "अहो आई, असं काही नसतं, हा डबा खोलीतलं..." तेवढ्यात टेबलाखालून बायकोने त्याच्या मांडीला चिमटा काढला. त्याने वाक्य गिळलं. ते अजून पोटात आहे.

आता मात्र डबा अडखळायला लागला होता. आतून टिकटिक यायची, चित्र गोठायचं, मग एकदम पुढे पळायचं. बायकोच्या डोक्यात एक युक्ती आली.

"ते रेकॉर्डिंग बाहेर काढता येईल ना रे? एवढी भोकं आहेत. कुठलं तरी चालेल. पेन ड्राइव्हवर घेतलं तर आई ते पर्समध्ये घालून आपल्याबरोबर कुठेही येईल. तिला घर नकोय, तिला ते हवंय."

जावयाला माहीत होतं की त्या रेकॉर्डिंगमध्ये झाड आणि वारा सोडून काही नाही. पण पर्समधल्या झाडाने आणि वाऱ्याने काम होणार असेल तर त्याचं काय जात होतं? त्याने डब्याच्या कंपनीच्या मेकॅनिकला फोन लावला.

यूएसबी
(रिकामं. कापूस नुकताच काढलेला.)

मेकॅनिक बुधवारी आला. चांगला पोक्त, कमरेला पट्टा, वाकला की "आई गं" म्हणणारा. डबा त्याने फिरवला आणि थबकला.

"हे काय? डब्याचा कान दुखतोय का?"

कुणी हसलं नाही. त्याने चिमट्याने एका भोकातला कापूस ओढला.

"हात लावू नकोस!" सासूबाई कडाडल्या.

"मावशी, हात न लावता बघायला मी काही ज्योतिषी नाही."

जावयाने खिशातून पेन ड्राइव्ह काढला. मुठीतल्या घामाने तो ओलसर झाला होता. "हे बघा, यूएसबी आहेच इथे. यातून एक रेकॉर्डिंग बाहेर काढायचंय. एकच."

"भोक आहे," मेकॅनिक म्हणाला. "रस्ता नाही."

"म्हणजे?"

"कंपनीने पुढेमागे लागेल म्हणून ठेवलं. ते पुढेमागे काही उगवलं नाही. फोनचं तेच, त्या नेटवर्कचं तेच. चालूच केली नाहीत कधी. बाहेरून बघाल तर बंगल्याला दारं किती! उघडलं की भिंत."

"आणि आतली डिस्क काढून दुसऱ्या डब्यात लावली तर?"

"मुकी. याची किल्ली याच्याच पोटात. इथलं इथेच बघायचं, भाऊ." त्याने डब्याला कान लावला, टिकटिक ऐकली आणि डॉक्टर मान हलवतात तशी हलवली. "आणि फार दिवस नाही बघता येणार. नवा देतो. हा मात्र मला परत न्यावा लागेल."

सासूबाई उठल्या आणि कपाटासमोर उभ्या राहिल्या. ठेंगण्या बाई, पण कपाट दिसेनासं झालं.

"डबा कुठेही जाणार नाही. माझ्या मुलाचा आवाज आहे त्यात."

"गाणी-बिणी म्हणतात का ते टीव्हीवर?"

"इथे बोलला तो. या खोलीत."

मेकॅनिकने जावयाकडे पाहिलं. जावयाने फरशीकडे. "खोलीतला आवाज?" मेकॅनिक म्हणाला. "मावशी, हा डबा ठार बहिरा आहे. ही भोकं ऐकायची नव्हेतच."

टिकटिक. टिकटिक. बायकोने ओढणीचं टोक मुठीत आवळलं.

"तू नवीन आहेस," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "बसवायला आला होता तो जाणकार होता. चहा घेणार का?"

जिन्यापर्यंत जावई सोडायला गेला. मेकॅनिक एकेक पायरी कण्हत उतरत होता. मध्येच थांबून म्हणाला, "तुम्ही तरी नीट समजावा त्यांना, भाऊ."

"तुम्ही सांगितलंत ना आत्ता."

"मी सांगून निघालो. राहायचं तुम्हाला आहे."

वर आला तेव्हा सासूबाई काडी आणि कापूस घेऊन बसल्या होत्या. "जावईबापू, जरा कपाट धरा," त्या म्हणाल्या. त्याने धरलं.

नेटवर्क
(रिकामं. कापूस.)

या भोकात कधी कुणी काही घातलं नाही, यातून कधी काही आलं नाही.

गुरुवार इथे गेला.

टीव्ही
(वायर जोडलेली.)

शुक्रवारी संध्याकाळी किल्ल्यांचा कार्यक्रम होता. दाढीवाला निवेदक तटावर उभा राहून हात वर करून काहीतरी सांगत होता. लाल दिवा पेटलेला. टेबलावर तिघं. सूपचा चमचा वाडग्याला लागणार नाही याची तिघंही सवयीने काळजी घेत होती.

बायकोने त्याच्याकडे बघून भुवया उंचावल्या. आज.

त्याने मान हलवली. दिवा गेल्यावर.

तिने मान हलवली. दिवा गेल्यावर आई झोपते.

त्याने चमचा खाली ठेवला.

"आई," तो म्हणाला.

टिक. पडद्यावरचा दाढीवाला हात वर करून गोठला.

"आई," तो म्हणाला.

दाढीवाला हात वर करून गोठला.

"आई," तो

हात वर

"आई, मला बदली मिळतेय. कारभार माझ्याकडे, राहायला जागा आहे. आम्ही जायचं म्हणतोय. तुम्हीपण आमच्याबरोबर चला."

एवढं सगळं त्या गोठलेल्या हाताखाली बोलून झालं. लाल दिवा पेटलेला असताना त्या खोलीत स्वतःचा आवाज त्याने इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. तो त्याला जाड वाटला, दुसऱ्या कुणाचा तरी. सासूबाईंनी बोट उचललं आणि ओठांवर ठेवलं. डोळे डब्यावर. मग चित्र सुटलं, दाढीवाल्याचा हात धाडकन खाली आला, आणि तो एकदम तटावरून तळघरात पोचला होता. मधलं कुणालाच कळलं नाही.

कार्यक्रम संपला. दिवा गेला. सासूबाई उठल्या, "दुधावर झाकण ठेव गं" म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या.

"सांगितलं मी," मागच्या खोलीत तो म्हणाला.

"हो रे. ऐकलं मी." बायकोने त्याचा हात धरला. "ऐकलं तिनेही. उद्या बोलेल."

पिवळं, पांढरं, लाल
(तिन्ही रिकामी. तिन्हीत कापूस.)

शनिवारी सकाळी सासूबाई चहा पीत होत्या. खिडकीतून ऊन येऊन टेबलावर पडलं होतं. थांबलेलं घड्याळ सोडून सगळ्यांना कळत होतं की बारा वाजायला फार अवकाश नाही.

"आई, काल मी म्हणालो त्यावर..."

"कधी काय म्हणालात?"

"काल. जेवताना. बदलीचं."

सासूबाईंनी कप ठेवला, रिमोट घेतला. कालचा कार्यक्रम लावला, पुढे पळवला, दाढीवाल्याचा हात वर गेला तिथे आणून सोडला. "ऐका," म्हणाल्या. हात गोठला. मग एकदम तळघर. निवेदक म्हणत होता की इथे धान्य साठवत.

"कुठे काय?" सासूबाई म्हणाल्या. "आत काही नाही. म्हणजे तुम्ही काही बोलला नाहीत."

"आई!" बायको उठली. "मी शेजारी बसले होते. ते बोलले. तू बोट ठेवलंस ओठांवर!"

"तू नवऱ्याची बाजू घेणारच. डब्यात नाही."

जावयाच्या पोटातलं ते जुनं वाक्य ढवळून वर आलं. आता ओठांशी. "आई, डब्यात खोलीतला आवाज जातच नाही. मेकॅनिक म्हणाला नाही का?"

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. टॉर्च मारल्यावर लिफ्टमध्ये खाली बसलेली माणसं बघतात तशा.

"जात नाही?" त्या हळूच म्हणाल्या. "मग थोरल्याचं?"

एवढंच. बोट नाही, रिमोट नाही, ओरडणं नाही. बायको खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. ती जावयाकडे बघत नव्हती. ती आईच्या हातांकडे बघत होती, रिमोटवरच्या त्या दोन सुरकुतलेल्या अंगठ्यांकडे. एक शब्द, आणि दार उघडलं असतं. बाहेर पडायला एकच रस्ता होता, आणि तो त्या बाईच्या छातीवर पाय देऊन जात होता.

"कापूस आहे ना," जावई म्हणाला. "म्हणून गेलं नसेल माझं."

आणि आपण आपल्याच हाताने बाहेरून कडी घातली, हे त्याला म्हणतानाच कळलं.

सासूबाईंचा चेहरा सैल झाला. "तेच म्हणते मी. थोरला बोलला तेव्हा कापूस नव्हता."

"मग काढतो," तो म्हणाला. "लावा रेकॉर्डिंग."

त्याने कपाट ओढलं, गुडघ्यांवर बसला. धूळ, कोळ्याचं जाळं, पेन्सिलीचं एक जुनं टोपण. पिवळं भोक चित्राचं, पांढरं आणि लाल आवाजाचं. आणि आवाजही बाहेर सोडायची ती भोकं, आत घ्यायची नव्हेत. हे त्याला माहीत होतं. तरी त्याने त्यातल्या त्यात पांढरं निवडलं, नखाने कापूस उकरून काढला. पुढे लाल दिवा लागल्याचं त्याला बायकोच्या खुणेवरून कळलं. टीव्हीवर एक बाई सकाळचा व्यायाम शिकवत होती. श्वास आत. श्वास बाहेर.

रोज तो दाराच्या फटीला तोंड लावून बोलतो: घाबरू नका, मी आलोय, मी बाहेर आहे. त्याने तसंच तोंड त्या भोकाला लावलं. पत्रा गार होता.

"आई, आम्ही पुढच्या महिन्यात जातोय," तो आत बोलला. "तुम्ही आमच्याबरोबर चला. हा डबापण घेऊ. लागला तर तिथे नवी तबकडी बसवू. आणि थोरल्याला तुम्ही एक फोन करा. तो वाट बघतोय."

श्वास बाहेर, बाई म्हणाली.

मग तो तिथेच थांबला. उत्तर यायची सवय असते. बहुतेक वेळा आतून कुणीतरी "बरं" म्हणतं.

वीज
(वायर जोडलेली.)

ही वायर काढली की सगळं बंद पडतं. ती ओढावी असं जावयाला त्या क्षणी वाटलं. गुडघ्यापाशीच होती. त्याने ओढली नाही.

सासूबाईंनी रेकॉर्डिंग थांबवलं, मागे नेलं आणि लावलं. कपाटामागून उठून जावई बायकोजवळ जाऊन उभा राहिला. व्यायामाची बाई हात डोक्यावर नेत होती. श्वास आत. मग थोडी शांतता, मागे कुठेतरी मंद संगीत. सासूबाई पुढे सरकल्या. कान पडद्याला. त्यांचे ओठ हलत होते.

आत काहीच नव्हतं. असणारही नव्हतं. तरी जावई ऐकत होता. जीव कानात आणून ऐकत होता.

"आलं," सासूबाई म्हणाल्या.

बायको पुढे झाली. "काय आलं, आई?"

"जाणार म्हणतायत. पुढच्या महिन्यात." त्या मागे टेकल्या. आवाजात राग नव्हता. पावसापाण्याचं बोलावं तसं बोलत होत्या. "स्पष्ट आलंय. थोरल्यापेक्षा स्पष्ट. वारा नाही ना."

"आणि तू?"

"माझं काय?"

"ते म्हणाले, तू आमच्याबरोबर चल. डबापण न्यायचा. दादाला फोन कर."

सासूबाईंनी पुन्हा लावलं. हात वर, श्वास आत, शांतता. बोट वर करून ऐकलं. मग मान हलवली.

"ते नाही आलं. 'बोलावलंत की येईन' एवढं आहे शेवटी. हो ना, जावईबापू? म्हणालात ना तसं?"

खोलीत आता लाल दिवा नव्हता. कुणीही काहीही बोलू शकलं असतं. जावयाने बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण तिने चिमटा काढला नाही, मानही हलवली नाही. हे त्याचं त्यालाच म्हणायचं होतं.

"हो," तो म्हणाला. "म्हणालो."

"मग झालं तर. हे पुसायचं नाही कुणी."

पडद्यावर साठवलेल्या कार्यक्रमांची नावं आली. सगळ्यात तळाशी लाकूडतोडे. सगळ्यात वर सकाळचा व्यायाम. मधले मासे, किल्ले, भाषणं सासूबाई एकेक करून पुसायला लागल्या. "जागा नको का व्हायला," त्या म्हणाल्या. डबा आतून टिकटिकत होता, आणि त्यात शेवटी दोनच गोष्टी उरल्या.

जावयाने फोन काढला. साहेबांना "हो" एवढाच शब्द लिहिला आणि पाठवला. छातीवरचं ओझं उतरेल असं त्याला वाटलं होतं. लिफ्ट सुटते तेव्हा आधी एक हिसका बसतो, मग पायांखालची जमीन हलते. हिसका बसला. जमीन काही हलली नाही.

"चल ना गं आई," बायको म्हणाली. शेवटचं, लहान मुलीसारखं.

"मी कुठे येऊ? हे इथलं इथेच बघायचं असतं. तो कमरेला पट्टा बांधलेला म्हणाला नाही का?" सासूबाई उठल्या. ड्रॉवरमधून कापसाची पुडी आणि काडी काढली. "बहिरा म्हणाला ते चुकीचं. एवढं मात्र खरं बोलला."

त्या कपाटामागे गेल्या, गुडघे मोडताना टेबलाला धरून वाकल्या. पांढऱ्या भोकावर कापसाचा बोळा ठेवला, काडीने दाबला.

"धरा जरा," त्या म्हणाल्या.

कपाट तिरकं होतं, कलंडलं असतं. जावयाने ते दोन्ही हातांनी धरलं, आणि त्यांचं आत ठासून होईपर्यंत धरून उभा राहिला.